टाळ्या नेमक्या कुणासाठी

मांस भाजणारे एवारिस्तोकाका परतले नाहीत आणि नेलिदाबाईंचं शेगडीघर, म्हणजे आमची भाजलेल्या मांसाची खाणावळ, बंद पडलं. हे मी बोललोच नाही असं समजा. आज फक्त गुरुवार आहे आणि अजून काहीही होऊ शकतं.

आमच्या मातादेरोस भागात रीत साधी आहे. मांसाचं पहिलं ताट टेबलावर आलं, की भाजणाऱ्यासाठी टाळ्या. गेल्या रविवारी बरगड्या आल्या, मी ओरडलो, "काकांसाठी टाळ्या!" आणि त्याच क्षणी टीव्हीवर आमच्या क्लबने गोल केला. सोळा सामन्यांनंतरचा पहिला. टाळ्या वाजत राहिल्या, माना मात्र टीव्हीकडे वळल्या. सगळ्यात आधी माझी.

काकांनी एप्रन काढला, चिमट्याला अडकवला आणि घरी गेले. त्या शेगडीला एकवीस वर्षं दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. सोमवारी मी स्टेक भाजला. दारातल्या कुत्र्याने वास घेतला आणि माझं सांत्वन केल्यासारखा शेजारी बसला.

"रविवारी दुपारी एकपर्यंत ते आले नाहीत, तर जागा जिमवाल्याला," नेलिदाबाई म्हणाल्या. "आणि दारावर तुझा फोटो लावणार. खाली लिहिणार, याच्यामुळे बंद."

"बाई, मी जेवायचं कुठे?"

"जिममध्ये. वजनं चाव."

मंगळवारी आम्ही बत्तीस जण काकांच्या खिडकीखाली जमलो आणि हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. खिडकी उघडली.

"कोण जिंकलं?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही, काका! तुमच्यासाठीच!"

"आज सामना नाही, म्हणून आलात."

"काका, पाया पडतो. तो गोल ऑफसाइड होता! मी स्वतः पाहिलं."

काकांनी खिडकी अर्धी ओढून घेतली. आमच्यातल्या काहींनी तेवढ्यात सॅलडचा विचार सुरू केला.

"म्हणजे तू टीव्हीच बघत होतास," काका म्हणाले.

मागून कुणीतरी मला लाथ मारली. ती योग्य होती.

"गोल झालाच नव्हता असं कागदावर आण," काका म्हणाले. "मग टाळ्या माझ्या." खिडकी बंद झाली. काल जिमवाला येऊन फितीने भिंती मोजून गेला. शेगडीच्या जागी आरसा येणार म्हणे.

म्हणून, प्रति, माननीय अध्यक्ष, फुटबॉल संघटना. विषय: गोल रद्द करणेबाबत. महोदय, अर्जदार सदर क्लबचा जन्मापासून सभासद असून, गेल्या रविवारी सामन्याच्या एकेचाळिसाव्या मिनिटाला झालेला आमचाच गोल तो झालाच नसल्याप्रमाणे रद्द करण्यात यावा, ही नम्र विनंती. त्यामुळे क्लब खालच्या श्रेणीत गेल्यास अर्जदाराची हरकत नाही. निर्णय येत्या रविवारी दुपारी एकच्या आत, लेखी व शिक्क्यानिशी, खिडकीतून आत टाकता येईल अशा आकाराच्या कागदावर मिळावा.