हातोड्यांची भिंत

"आई, यातली एखादी हातोडी तू कधी माणसाला मारलीयेस का?"

हा प्रश्न बुक्कीच्या डोक्यातून निघालेला नव्हता. चष्मिश आणि लांबडी या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी डब्याच्या सुट्टीत तिच्याशी पैज लावली होती. "बॉक्सिंगमध्ये एकीला आडवं केलंस म्हणून एवढी मिरवतेस ना? मग आईला विचारून दाखव!" बुक्की हे नावही बॉक्सिंगच्या बाईंनीच ठेवलेलं. पहिली लढत जिंकल्यापासून पोरगी जमिनीच्या चार बोटं वरून चालत होती. अशा पोरीला कुणी नुसतं 'दाखव' म्हटलं तरी पुरे, पुढचं ती करून मोकळी.

आई तेव्हा स्टुलावर उभी राहून भिंतीवरच्या हातोड्या उतरवत होती. बाबा खाली बसून त्या जुन्या चादरींत गुंडाळत होते. दोघी मैत्रिणी दाराच्या चौकटीला पालीसारख्या चिकटल्या होत्या.

"हो," आई म्हणाली. "तुझ्या मामाला."

बाबांच्या हातातली हातोडी सुटली ती थेट त्यांच्याच पायाच्या अंगठ्यावर.

"अहो, लागलं का?"

"मला विचारतेस की हातोडीला?" बाबा एका पायावर नाचत म्हणाले.

"तीन बोटं मोडली त्याची," आई भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली. "उद्या येतोय तो, हे सगळं न्यायला. पुढचं त्यालाच विचार."

बुक्कीनं मागे वळून बघितलं तर चौकट रिकामी. पैज लावणाऱ्या दोघींची पाचावर धारण बसली होती. जिन्यात त्यांच्या चपलांचा फटफटाट तेवढा ऐकू आला.

बुक्कीची आई गाड्यांच्या गॅरेजात चेपलेले पत्रे सरळ करायची. आतून लोखंडी ठोकळा लावायचा, बाहेरून हातोडीच्या टिचक्या मारत जायचं, की आत गेलेला दरवाजा पुन्हा गालासारखा गुबगुबीत. दिवसभर हेच करणाऱ्या बाईनं घरी आल्यावर हातोडीचं तोंडही बघू नये. पण आईचा छंदच तो. चांभाराची, सोनाराची चिमुकली, दगडफोड्याची दांडगी, डॉक्टर गुडघ्यावर मारतात ती रबरी. भिंतभर खिळे आणि खिळ्याखिळ्याला हातोडी. घरात नियम एकच होता: घासायची नाही, पुसायची नाही, दांडा बदलायचा नाही. "कुणाच्या तरी हाताचा घाम मुरलाय त्यात," आई म्हणायची. "तो काढला की उरतं भंगार."

आणि एवढं करून दर काही वर्षांनी आईच ती अख्खी भिंत विकून टाकायची. मग महिना-दोन महिने भिंत बोडकी, आणि एक दिवस पुन्हा एका खिळ्यावर एक हातोडी. हे विकण्याचं प्रकरण चालायचं तेव्हा बुक्कीची रवानगी आत्याकडे व्हायची. या वेळी तिनं साफ सांगितलं होतं, "मी काय कुकुलं बाळ आहे? मी नाही जात."

न जाण्याचं खरं कारण तिच्या बॉक्सिंगच्या पिशवीत, हातमोज्यांच्या खाली दडलेलं होतं. चांभाराची हातोडी. तिच्या दांड्यावर कुण्या अनोळखी माणसाच्या अंगठ्यानं वर्षानुवर्षं दाबून एक खळगी पाडली होती आणि त्या खळगीत बुक्कीचा अंगठा असा बसायचा, जणू तिच्याच मापानं केलेली. सगळी भिंत गेली तरी चालेल, ही जाऊ द्यायची नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आला. बुक्कीसारखंच रुंद कपाळ, बुक्कीसारखेच खांदे. आणि उजव्या हाताची तीन बोटं मात्र उपटून काढलेल्या खिळ्यांसारखी वाकडी.

"ताई."

"ये."

बहीणभावाचं बोलणं तिथंच संपलं. मामानं गाडीतून ग्राइंडर काढून अंगणातल्या लाकडी बाकावर बसवलं. त्याच्या एका टोकाला तारांचं चाक होतं, दुसऱ्या टोकाला दगडी.

"हे कशाला?" बुक्कीनं बाबांच्या कानात विचारलं.

"एक तो इथंच घासतो. दर वेळी. तुझ्या आईच्या डोळ्यांसमोर." बाबा पेशानं शिंपी, घाबरले की गळ्यातल्या टेपचं टोक चावायचे. आता ते टेप चावत होते. "मग बाकीच्या घेऊन जातो आणि घासूनपुसून विकतो."

"आणि आई बघत बसते?"

"बसते."

बुक्कीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातल्या मुंगीलाही हातोडीवरून चालताना परवानगी लागेल अशी ही आई, आणि आज हात बांधून उभी?

मामा आत जाऊन भिंतीसमोर उभा राहिला. रंग जुना होऊन पिवळा पडलेला, पण जिथं जिथं हातोडी होती तिथं तिचा पांढरा आकार तसाच राहिलेला. मामा एकेका आकारावर बोट ठेवत खोक्यातल्या हातोड्या जुळवत गेला. एका आकारापाशी थांबला.

"ही कुठाय?"

"मला काय माहीत?" बुक्की म्हणाली. पण चोराच्या मनात चांदणं. नजर गेलीच कोपऱ्यातल्या पिशवीकडे. मामानं पिशवी उचलून उलटी केली. हातमोजे पडले, दोन दिवसांचे कुबट पायमोजे पडले आणि त्यांवर धप्पकन हातोडी.

"वा गं भाची! मामालाच मामा बनवायला निघालीस?"

"ती माझी आहे. द्या इकडे."

"बुक्की, देऊन टाक," आई म्हणाली.

"का म्हणून? याच्या बापाची आहे?"

हे ऐकून मामा हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. त्यानं दांड्यावरच्या खळगीत आपला अंगठा ठेवून बघितला. क्षणभर त्याचा चेहरा दुखऱ्या दाताला जीभ लागावी तसा झाला. मग तो ताडताड अंगणात गेला आणि त्यानं ग्राइंडरचं बटण दाबलं.

तारांचं चाक किंचाळलं. लोखंडावरचा तपकिरी थर धुरळ्यासारखा उडाला, ठिणग्या मामाच्या मनगटावर तडतडल्या, पण त्यानं हात हलवला नाही. हातोडीचा अर्धा चेहरा नागव्यासारखा चकाकायला लागला. आई बघत होती. तिच्या जबड्यातली शीर उडत होती, बस. मग मामानं हातोडी फिरवली आणि दांडा चाकाकडे नेला. खळगीची बाजू.

बुक्कीचा डावा पाय आपोआप पुढे पडला. बाईंनी शिकवलेला ठोसा, खांद्यातून सुटलेला, मामाच्या नाकावर बसला. काहीतरी कचकन पिचकलं आणि रक्ताची धार मामाच्या मिशीवरून शर्टावर आली. हातोडी खाली पडली. मामानं मागचापुढचा विचार न करता उलट्या हाताची अशी ठेवून दिली, की बुक्कीचा ओठ दातांवर फाटला आणि तोंडात खारट चव भरली.

"आईची पोर शोभतेस!" मामा ओरडला.

"अहो, लहान आहे ती!" म्हणत बाबा मध्ये घुसले. त्यांनी मामाची कॉलर पकडली, मामानं कोपर मारलं, आणि बाबा बरगडी धरून हातोड्यांच्या खोक्यावर कोसळले. खोकं फुटलं. सगळीकडे लोखंडाचा खणखणाट. मामाचाही तोल गेला आणि सावरायला त्यानं डावा हात, म्हणजे चांगला हात, बाकावर पसरून टेकला.

बुक्कीला फक्त तो हात दिसला. पाच सरळ बोटं. हातोडी कधी उचलली ते तिला कळलं नाही. अंगठा मात्र खळगीत बरोबर बसला होता. हात वर गेला. त्या क्षणी तिला फार बरं वाटलं. भीती नाही, राग नाही. तहानेल्या माणसाच्या ओठाला पेला लागावा तसं.

तिनं घाव घातला.

मध्ये एक तिसराच हात आला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि आई ओरडलीसुद्धा नाही. नुसती हळूच खाली बसली.

ग्राइंडर फिरतच होतं. ते मामानं बंद केलं. मग त्यानं अंगातला रक्ताळलेला शर्ट काढला आणि आपल्या त्या वाकड्या बोटांनी, कुणाला हात लावू न देता, बहिणीचा हात त्यात गुंडाळला.

दवाखान्यात डॉक्टरांनी एकेकाकडे पाहिलं. आईचा हात, बाबांची बरगडी, मामाचं नाक, बुक्कीचा ओठ.

"काय झालं?"

"जिन्यावरून पडलो," बाबा म्हणाले.

"चौघं?"

"जिना अरुंद आहे हो," मामा कापूस कोंबलेल्या नाकातून म्हणाला. आईला हसू फुटलं आणि हसता हसता ती कळवळली.

प्लास्टर ओलं होतं तोवर चौघं बाहेरच्या बाकड्यावर ओळीनं बसले. बुक्कीला आईच्या हाताकडे बघायचं धाडस होत नव्हतं. तोच हात घर चालवायचा.

"आमच्या बाबांची एक हातोडी होती," आईनंच सुरुवात केली. "ते गेल्यावर मी ती तशीच टांगलेली. दांड्यावर त्यांची मूठ उमटलेली होती. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी ह्यानं ती गुपचूप नेली, आरशासारखी घासली, नवा दांडा बसवला, लाल फीत बांधून माझ्यापुढे धरली. तोंडभर हसत."

"मला वाटलं, ताई खूश होईल," मामा म्हणाला.

"घड्याळं दुरुस्त करायचा हा. तीन बोटं गेली, घड्याळं गेली. तेव्हापासून हे ग्राइंडर."

"म्हणून तू यालाच विकतेस?" बुक्कीनं विचारलं. "शिक्षा म्हणून?"

"यालाच देते ते त्यासाठी. तो घासतो, मी बघते, आमचं आम्हाला कळतं. विकण्याचं कारण वेगळं. भिंत भरत आली ना, की मला माणसं नकोशी व्हायला लागतात. तुझे बाबा भिंतीपाशी खुर्ची सरकवतात आणि माझी मूठ आवळते. परवा तू उडी मारलीस, एक हातोडी हलली, आणि माझी मूठ आवळली. तुझ्यावर. त्याच दिवशी ह्याला फोन केला."

"मग परत सुरू कशाला करतेस?"

"पहिली मिळते तेव्हा बघ मला कधीतरी," आई म्हणाली. "पहिल्या पाच-सहा हातोड्यांपर्यंत माझ्यासारखी भली बाई शोधून सापडणार नाही."

"हे खरंय," बाबा बरगडी सांभाळत म्हणाले. "मी त्या दिवसांची वाट बघत असतो."

मामानं पँटच्या खिशातून ती चांभाराची हातोडी काढली. अर्धी चकचकीत, अर्धी गंजलेली, दांडा शाबूत. त्यानं ती भाचीच्या मांडीवर ठेवली. "घे. तुझीच राहू दे. नाकाचा हिशेब नंतर बघू."

बुक्कीनं ती उचलली. अंगठा सरपटत जाऊन खळगीत बसला, आणि त्याच्यामागोमाग ते मघाचं बरं वाटणंही दंडातून वर यायला लागलं, आज्ञाधारक कुत्र्यासारखं, हाक न मारता. तिनं आईच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग हातोडी मामाच्या वाकड्या बोटांत परत दिली, बोटांना धक्का लागणार नाही अशी.

ती उठून उभी राहिली. फाटक्या ओठानं बोलताना दुखत होतं, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला. पलीकडच्या बाकड्यावरच्या आजीबाईंनीही मान वळवली.

"आई, बाबा, ऐका. ही मी ठेवणार नाहीये. बाकीच्यांबरोबर हीसुद्धा गाडीत जाऊ दे. आईचा हात बरा झाला, की भिंतीवरचा नवा पहिला खिळा मी ठोकणार. आणि ज्या दिवशी माझी मूठ आवळेल, त्या दिवशी मामाला फोनही मीच करणार. घरात ठोकायला हातोडी उरणार नाही, ठाऊक आहे मला. दगडानं ठोकीन."