सगळ्यांत लहान माप

तिने पेन्सिलीचं बोथट टोक घालून बाही उलटवली आणि टेडीच्या हातात चढवली. टेडीचे हात खांद्यातून सरळ आडवे निघतात, माणसासारखे खाली लोंबत नाहीत. म्हणून बाही तिरकी जोडावी लागते. हे कळेपर्यंत तिचे दहा-बारा कोट वाया गेले होते. आता कप्तान, पोस्टमन, आचारी, नवरी, म्हणाल तो पोशाख तिच्याकडे शिवून मिळे. गल्लीत तिला सगळे टेडीवाल्या काकू म्हणत. कापायचं काम नवऱ्याचं. त्यांनी उभा जन्म माणसांच्या विजारी बेतल्या होत्या. "हे गिऱ्हाईक बरं," अस्वलाची विजार कापताना ते म्हणत, "ढगळ झाली म्हणून परत येत नाही." त्यांना सगळे मास्तर म्हणत, तीसुद्धा.

दुपारी दारात सिस्टर येऊन उभी राहिली. चौकापलीकडच्या इस्पितळातली, पांढऱ्या गणवेशावर स्वेटर चढवलेली.

"काकू, सगळ्यांत लहान कपडे दाखवा ना."

"हा डॉक्टरचा कोट बघ. तुमच्या वॉर्डातली पोरं खूश होतील."

सिस्टरने कोट उलटा करून आतली शिवण बोटाने चाचपली. "याहून लहान हवेत. आणि पाठीमागून पूर्ण उघडणारे. बटण नको, चिकटपट्टीही नको. टोचते."

"अगं, अस्वलाला काय टोचणार? आत नुसता कापूस!" ती हसली.

सिस्टर हसली नाही. तिने कोटाची घडी करून तो परत ठेवला.

"अस्वलासाठी नकोत, काकू. आमच्याकडे काही बाळं फार आधी होतात. पाचव्या, सहाव्या महिन्यात. रडत नाहीत ती. त्यांच्या मापाचं बाजारात काही मिळत नाही. आम्ही पट्टीच्या कापडात गुंडाळून आईच्या हातात देतो. काल एकीने विचारलं, बाळाला घालायला काहीच नाही का हो?" तिने कोटाच्या बाहीवर बोट ठेवलं. "हात न वाकवता घालता आलं पाहिजे. कातडी फार नाजूक असते."

मागे कात्रीचा आवाज बंद झाला.

तिच्या हाताने सवयीने गळ्यातला टेप काढला, आणि तोंडाने सवयीने विचारलं, "माप?"

"अरे देवा. मापच घेऊन आले नाही मी."

"वीतभर," मास्तर म्हणाले. "वर चार बोटं. छाती माझ्या मुठीहून थोडी कमी धर. बाही अंगठा जाईल एवढी."

सिस्टरने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "हो. सहाव्या महिन्यात तेवढंच असतं बाळ."

मास्तरांनी मान वर केली नाही. खडूने कापडावर रेघ ओढत ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "गळा मोठा लागेल. तिची मान काही..."

खडू मोडला.

सिस्टर कधी गेली, उद्या येते म्हणाली की परवा, तिला नीटसं कळलं नाही.

एकतीस वर्षांपूर्वी, सहाव्या महिन्यातच बाळंत होऊन, ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलं होतं. मास्तर हात धुऊन खाटेशी उभे होते. "गुंडाळलेलं दिलं, तसंच ठेवून आलो," ते म्हणाले होते. "मी काही पाहिलं नाही." सासूने बजावलं, विचारू नये, मन अडकतं. तिने विचारलं नाही. पुढे कूस उजवली नाही, त्याचाही तिने कोणाला बोल लावला नाही. पण बापाच्या हातून फडक्याचं टोकही उचललं गेलं नाही, हे मात्र तिने आजवर माफ केलं नव्हतं. त्यांना चहा देताना, त्यांच्या आजारपणात उशाशी बसताना, ते तिच्या मनात असेच, बाळाकडे न पाहिलेले. आणि ते जे होतं, ते कायम 'बाळ' होतं. 'ते' होतं.

"मास्तर."

"हं."

"'ती' म्हणालात तुम्ही."

मास्तर खडूचे दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहत राहिले. "आई म्हणाली, सांगू नकोस. म्हटलं, चार दिवसांनी सांगू. मग..." त्यांनी तुकडे टेबलावर ठेवले. "मग कसं सांगायचं तेच कळेना."

तिच्या ओठांवर खूप काही आलं. एकतीस वर्षांचं होतं. एका दमात बाहेर पडलं असतं तर भिंती हादरल्या असत्या. तिने स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसली आणि बेतायचा खाकी कागद मधे पसरला.

"खांदे?"

"तीन बोटं. कमीच."

तिने खूण केली.

"पाय?"

मास्तरांनी आपलं मधलं बोट कागदावर सरळ ठेवलं. बराच वेळ तसंच ठेवलं. तिने त्याच्या बाजूने रेघ ओढली.

"केस होते?"

"झबल्याला केसांचं माप लागत नाही गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "सांगा."