जास्तीचं कुटणं

कागदाच्या कारखान्यात लाकडाचा लगदा कुटायचं मशीन दादा चालवायचा आणि कागद तपासायच्या खोलीत त्याची धाकटी बहीण बसायची. लगद्यात एन्झाइम घालायची टूम धाकटीचीच. त्याने तंतू सैल होतात, कुटायला कमी लागतं, वीज वाचते, असं तिने साहेबांना पटवलं होतं. आणि आता कागद होता की नुसता ओढला तरी फाटत होता.

"संध्याकाळपर्यंत बघतो," साहेब म्हणाले. "आजही फाटला तर हे खूळ बंद." माणूस तसा वाईट नव्हता, पण धाकटीच्या हातात आता एवढा एकच दिवस होता.

एन्झाइम कमी घालून झालं, लगदा कमी गरम ठेवून झालं. कागदाचे आपले पहिले पाढे पंचावन्न. शेवटी ती खोली सोडून दादाजवळ जाऊन उभी राहिली.

दादाने लगदा मुठीत पिळला, बोटांनी चाचपला, समाधानाने मान डोलावली. आता मशीन बंद करेल, असं तिला वाटलं. तर हा पठ्ठ्या हाताची घडी घालून खुशाल उभा.

"दादा, कुटून झालाय ना?"

"कधीच."

"मग?"

तो जरा ओशाळला. "तुझं काम ना. म्हटलं, कमी पडायला नको. रोज थोडा जास्तच कुटतो."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. एन्झाइमने आधीच मऊ पडलेले तंतू, त्यावर भावाची ही माया. बिचाऱ्यांचे तुकडे होत होते. लहानपणी तिच्या वह्यांना हा एकावर एक अशी दोन कव्हरं घालायचा, इतकी घट्ट की वही नीट उघडायची नाही. तिला राग आला, आणि रागापेक्षा भरून जास्त आलं.

"हा घाणा गेला वाया. पुढचा मी सांगेन तेव्हा थांबव. नेहमीपेक्षाही आधी."

"कच्चा राहील गं."

"राहू दे."

तिने सांगितलं तेव्हा दादाचा हात बटणापाशी जाऊन घुटमळला. तिने त्यावर आपला हात ठेवला आणि दाबला.

संध्याकाळी साहेबांनी त्या लगद्याचा कागद फाडायच्या यंत्रात लावला. काटा रोजच्या जागेच्या बराच पुढे गेला. "चालू ठेवा," एवढंच म्हणून ते चहाला गेले.

धाकटी धावतच दादाकडे आली. "जमलं. आता मी इथे उभं राहायला नको."

दादा मशीन पुसत होता. "येत जा गं," तो म्हणाला. "तुझं काम म्हटलं की माझा हात थांबत नाही."