बारा-तेरा यांचं मत

"'आयुष्यातली पन्नास मिनिटं वाया गेली. कोण भरून देणार?'" मिस्त्रींनी मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवलं.

"कोणाची गेली?" लॉगबुकने डबा बंद करत विचारलं.

"उल्कापात म्हणून एक आहे. त्याची."

"करतो काय तो?"

"माहीत नाही. दिवसभर या ग्रुपवरच असतो."

"मग पन्नास मिनिटांचं काय घेऊन बसलाय?"

लॉगबुक उठला, काचेचा दरवाजा ढकलून पंपाजवळ गेला, दाबाचा काटा पाहिला, परत येऊन वहीत दीडचे आकडे लिहिले. दर अर्ध्या तासाला आकडे लिहायचे हे त्याचं एकवीस वर्षांचं काम. त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. काचेच्या अलीकडे ही खोली, टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एक फ्रेम. पलीकडे शहराच्या टाकीकडे पाणी ढकलणारा पंप. दरवाजा उघडला की बोलणं बंद, कारण ऐकू येत नसे. मिस्त्री आणि लॉगबुक यांची मैत्री इतकी टिकली, त्याचं श्रेय बरंचसं त्या दरवाजाला होतं.

"आणि लोक इतके चिडलेत कशावर?"

"कालच्या भागात एकही स्फोट झाला नाही."

"अरेरे," लॉगबुक म्हणाला.

मालिकेचं नाव 'नऊ प्रकाशवर्षं'. एक यान, दोनशे माणसं, घरापासून नऊ प्रकाशवर्षं लांब. मिस्त्री ती बघत असत याचं लॉगबुकला पहिल्यांदा हसू आलं होतं, मग कारण कळल्यावर त्याने हसणं बंद केलं होतं.

कारण साधं होतं. मिस्त्रींचा मुलगा चार वर्षांपूर्वी, आई गेल्यावर चौथ्या दिवशी, बॅग घेऊन दुसऱ्या शहरात गेला. तेव्हापासून त्याने बापाशी बोलणं टाकलं. तो जेवतो-खातो, नोकरी बरी चाललीय, एवढं मिस्त्रींना बहिणीकडून कळे. पण घरातल्या कपाटाच्या दारावर मुलाने आठवीत असताना रंगाने 'अर्धा प्रोटॉन' असं लिहून ठेवलं होतं. त्याबद्दल तेव्हा त्याला दोन थपडा मिळाल्या होत्या. त्याच नावाने तो या मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर लिहितो, हे मिस्त्रींना भाचीकडून समजलं. मिस्त्री ग्रुपवर गेले. तिथे नाव विचारलं, तेव्हा हातात बारा-तेराचा पाना होता. त्यांनी 'बारा-तेरा' लिहिलं.

पहिले तीन महिने त्यांना मुलगा कोणावर इतका रागावलाय तेच कळत नव्हतं. काळजीने त्यांनी मालिका बघायला घेतली. मग कळलं, की तो शत्रुपक्षाच्या सेनापतीवर रागावला होता. मिस्त्रींना बरं वाटलं.

ग्रुपवर ते फक्त वाचत. चार वर्षांत एकदाच लिहिलं. यानावर हवेच्या आणि पाण्याच्या पंपांवर काम करणारा एक म्हातारा होता. तीन वर्षांत त्याच्या वाट्याला सहा वाक्यं आली होती आणि त्यातली चार 'होय, कॅप्टन' अशी होती. एका भागात त्याने पंपाची गळती पूर्ण बंद केली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींना राहवलं नाही. त्यांनी लिहिलं: 'फिरणारा दांडा पंपात शिरतो तिथे दोरीचे वेढे भरून आवळतात, त्याला ग्लँड म्हणतात. ग्लँड गच्च आवळू नये. थेंब थेंब पाणी गळत राहिलं पाहिजे. तेच दांड्याला गार ठेवतं. गळणं बंद केलंत तर आतून जळतं.'

या मजकुराला चौदाशे लोकांनी बदाम दिले. ग्रुपच्या मुख्याने तो सगळ्यात वर चिकटवून ठेवला. एका मुलीने तो दंडावर गोंदवून घेतला. लोकांना त्यात आयुष्याचं सार दिसलं. मिस्त्रींना अजूनही त्यात ग्लँडच दिसत होती. पण तेव्हापासून ग्रुपवर पंपाचा विषय निघाला, की बारा-तेरा काय म्हणतात ते विचारण्याची पद्धत पडली.

कालचा अख्खा भाग त्या म्हाताऱ्यावर होता. त्याची बायको चार मजले वर यानाच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असते. खाली पंप बिघडलेला. म्हातारा पंपाकडे बघतो, जिन्याकडे बघतो आणि शेवटी पाना मदतनिसाच्या हातात देऊन वर जातो. तिचा हात धरून बसतो. बस. पन्नास मिनिटं.

"'कॅप्टन दोनदा दिसला, त्यात एकदा पाठमोरा,'" मिस्त्रींनी वाचलं. "'लेखकाला घरी बसवा.' 'लेखक घरीच बसून लिहितो, तोच प्रॉब्लेम आहे.' ही कॅप्टनची वहिनी म्हणून एक आहे, ती म्हणते, 'मी चारदा रडले.' त्यावर उल्कापात, 'वहिनी, तुम्ही जाहिरातीतसुद्धा रडता.'"

"पोरगा काय म्हणतो?"

"त्याचं अजून काही नाही."

"येईल. मालिकेतल्या चार आळ्यांवर पानभर लिहितो तो, बापावर…" लॉगबुक थांबला. "म्हणजे म्हाताऱ्यावर लिहीलच की."

दोन वाजून दहा मिनिटांनी आलं. मिस्त्रींनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीनंतर मनातल्या मनात वाचायला लागले.

'भाग चांगला आहे. फक्त खोटा आहे. असा माणूस पंप सोडून जात नाही. माझा बाप पंपावरच असतो. आई दवाखान्यात होती, पंपापासून चालत वीस मिनिटं. डॉक्टर म्हणाले, बोलावून घ्या. मी बारापासून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर. पंप सोडून येता येत नाही, शहर कोरडं पडेल. ती दाराकडे बघत होती. चारला गेली. तो साडेसहाला आला, हात स्वच्छ धुऊन. त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. मालिकेतल्या म्हाताऱ्याला वर पाठवलंय, कारण मालिका लोकांना बघायची असते.'

लॉगबुकने मिस्त्रींच्या हातातून मोबाइल घेतला, वाचला, परत दिला. दोघांनीही भिंतीवरच्या फ्रेमकडे बघायचं टाळलं. खोली लहान असल्यामुळे ते अवघड गेलं.

ग्रुपवर मात्र जान आली. अर्ध्या तासात दोन पक्ष पडले. एक म्हणाला, बाप दगड आहे. दुसरा म्हणाला, हजारो लोकांच्या तोंडचं पाणी की एक माणूस, हा प्रश्न आहे आणि बाप थोर आहे. वहिनी पाचव्यांदा रडली. कोणीतरी मतदान ठेवलं. दगड एकसष्ट टक्के, थोर एकोणचाळीस. उल्कापातने लिहिलं, 'भावनांचं राहू द्या, तांत्रिक मुद्दा बघा. चालता पंप सोडून तासभर जाता येतं का? येत नसेल तर बाप निर्दोष. आपल्याकडे तज्ज्ञ आहेत. बारा-तेरा, हो की नाही?'

त्याखाली लगेच अर्धा प्रोटॉन: 'हो, बारा-तेरा, तुम्ही सांगा. मला चार वर्षं हेच कोणाला तरी विचारायचं होतं. पंपातलं कळणारा एकच माणूस मी ओळखतो आणि त्याला विचारून उपयोग नाही. खरंच जाता येत नसेल, तर मी चुकलो. तर मी आज त्याला फोन करतो.'

मिस्त्रींनी मोबाइल टेबलावर ठेवला. मग उलटा ठेवला. मग सुलटा केला.

"लिही," लॉगबुक म्हणाला.

"काय लिहू?"

"नाही म्हणून लिही. जाता येत नाही. दोन अक्षरांचं काम आहे."

"येत होतं ना पण."

"कोण तपासायला येतंय? ते यानातले?" लॉगबुकने खुर्ची पुढे ओढली. "अरे, पोरगा फोन करतो म्हणतोय. स्वतःहून. चार वर्षं तू त्याच्या त्या आळ्या अन् सेनापती वाचत बसलायस, ते कशासाठी? नाही म्हण, फोन घे, काय बोलायचं ते बोल. पुढचं पुढे."

"मी पंपाबद्दल खोटं लिहू?"

"पोराला फोनवर तीनदा बोललास तेव्हा नाही आठवलं?"

हे बोलून झाल्यावर लॉगबुक उठला आणि कारण नसताना काटा बघून आला.

ते बरोबर होतं. एरवी पंपाबद्दल विचारलं, की मिस्त्रींना खोटं सांगता येत नसे. त्या दिवशी मात्र ते तीनदा सांगितलं होतं.

त्या दिवशी काय झालं होतं, ते दोघांनाच माहीत होतं. पंप एक नव्हता, दोन होते. एक चालवायचा, दुसरा तयार ठेवायचा, अशीच ती जागा बांधलेली होती. बिघाड झाला तो चालत्या पंपाच्या ग्लँडला. लॉगबुकने एक बटण दाबून दुसरा पंप सुरू केला. शहराच्या नळांना कळलंसुद्धा नाही. मग तो मिस्त्रींना म्हणाला, "तू जा. मी आहे." मुलाचा पहिला फोन तेव्हाच आला होता. मिस्त्री म्हणाले, "एवढे वेढे भरून जातो."

वेढे भरायला चाळीस मिनिटं लागतात. मिस्त्रींनी त्या दिवशी ते तीनदा भरले. जुने काढले, नवे कापले, टोकं तिरकी छाटली, सांधे एकमेकांवर येऊ नयेत म्हणून फिरवून बसवले, मग पुन्हा सगळे उपसून काढले. आदल्या संध्याकाळी बायकोने त्यांना ओळखलं होतं, बसा म्हणाली होती आणि ते बसू शकले नव्हते. औषध आणायला म्हणून उठले होते, औषध खिशातच होतं. तिच्या नाकातल्या नळीचा आवाज त्यांना ऐकवत नव्हता. बंद पडत चाललेलं यंत्र ते आवाजावरून ओळखत आणि हा आवाज त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता. इथे निदान हातात पाना होता.

तिसऱ्यांदा त्यांनी ग्लँड आवळली ती थांबलेच नाहीत. थेंब बंद झाला तरी आवळत राहिले. सत्तावीस वर्षांत शिकाऊ पोरांना ज्या चुकीबद्दल शिव्या दिल्या, ती त्यांनी स्वतः केली. पंप लावून बघितला तर दांडा लाल होऊन धूर आला. म्हणजे ज्या पंपासाठी ते थांबले, तो त्यांनीच जाळला. नंतर साहेबांनी अहवाल मागितला. अहवालात 'बिकट परिस्थितीत पाणीपुरवठा अखंड ठेवला' असं लॉगबुकने लिहिलं, कारण पाणीपुरवठा खरोखरच अखंड होता. त्यावरून फ्रेम आली.

मोबाइल थरथरला. उल्कापात: 'बारा-तेरा झोपले काय?'

मिस्त्रींनी चष्मा वर केला आणि एका बोटाने लिहिलं: 'हो. जाता येतं. अशा ठिकाणी दुसरा पंप तयार असतो. माणूसही असतो.'

लॉगबुकने ते खांद्यावरून वाचलं. "गाढव आहेस," तो म्हणाला. हळू म्हणाला.

ग्रुपवर दगड पक्ष नाचू लागला. थोर पक्षाने विचारलं, बारा-तेरा यांची पात्रता काय? मग अर्धा प्रोटॉनचं आलं:

'मग तो का आला नसेल?'

मिस्त्रींनी लिहिलं, 'हे त्यालाच विचार.' ते पुसलं. लिहिलं, 'बाळा.' तेही पुसलं. शेवटी लिहिलं: 'घाबरला असेल. हातात काम असलं की माणूस घाबरलेला दिसत नाही.'

वहिनीने बदाम टाकला. उल्कापातने लिहिलं, की पुढच्या भागाची झलक आलीय, सेनापती परत येतोय, दोन ग्रह उडणार. सगळा ग्रुप तिकडे धावला. त्या गर्दीत मधेच एक ओळ आली:

'धन्यवाद, काका. खरं बोललात. म्हणजे माझं चुकलं नव्हतं.'

त्याखाली दोन ग्रह उडण्याबद्दल एकेचाळीस मतं होती.

मिस्त्रींनी मोबाइल खिशात टाकला. तीन वाजत आले होते. थोडा वेळ ते खिशावर हात ठेवून बसले. फोन वाजला नाही.

"मी जरा जाऊन येतो," ते म्हणाले.

"कुठे?"

"जाऊन येतो."

लॉगबुकने मान हलवली. "जा. मी आहे," असं तो म्हणाला आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन वहीत डोकं घातलं.

फाटकावर पहारेकऱ्याने रजिस्टर पुढे सरकवलं. ड्यूटीच्या मधेच बाहेर जायचं तर कारण लिहावं लागे. मिस्त्री इतका वेळ पेन धरून उभे राहिले, की पहारेकऱ्याला दया आली.

"घरगुती काम लिहा," तो म्हणाला. "सगळे तेच लिहितात."

त्यांनी घरगुती काम लिहिलं.

वीस मिनिटं लागत नाहीत, सतरा लागतात. दवाखान्याच्या आत कोणी सोडेना, म्हणून ते व्हरांड्यातल्या लांब बाकावर बसले. फरशी पुसणाऱ्या बाईंनी बादली थांबवून विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

मिस्त्रींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"भेटायची वेळ चारला सुरू होते," बाई म्हणाल्या. "अर्धा तास आहे अजून. बसणार का?"

"बसतो."

बाई पुसत पुसत पुढे गेल्या. बाक अख्खा रिकामा होता. तरी मिस्त्री जरा कडेला सरकले, शेजारी एका माणसाची जागा केली आणि दाराकडे बघत बसून राहिले.