शेऱ्याचा रकाना

मित्रांनो, मराठी मंडळाच्या सभागृहामागे खुर्च्या रचून ठेवतात ना, त्या खोलीत पिवळट प्लॅस्टिकच्या कव्हराखाली मीच बसलेला असतो. जुना संगणक. रविवारी मराठीच्या वर्गाला येता तेव्हा तुमच्यातलं कुणीतरी मला ‘म्हातारा डबा’ म्हणून टपली मारतं. मारा बापडे! पण आज जरा गप्प बसून ऐका, कारण माझ्यापाशी वेळ फार थोडा आहे.

माझा जन्म नव्वद सालचा. एका मोठ्या कारखान्याच्या भांडारात मी नटबोल्टांच्या याद्या सांभाळायचो. माणसं चपला बाहेर काढून माझ्या खोलीत यायची, देवघरात यावं तशी. खोटं कशाला बोलू, तो मान मला आवडायचा. मग माझ्याहून चपळ यंत्रं आली आणि चार वर्षांत मी लिलावात जाऊन बसलो. तिथून मला उपेंद्रने उचललं.

हा उपेंद्र मूळचा नागपूरचा, शिकलेला इंजिनिअर. नगरसेवकपदाला उभ्या राहिलेल्या एका साहेबांचा प्रचार तो बघायचा. आवाज कधी चढायचा नाही, हसणं कधी संपायचं नाही. इथेच, आपल्या चामराजपेटेत छापखान्याला लागून त्याने कचेरी थाटली आणि मला तिथे टेबलावर बसवलं. माझ्यासमोर बसायला आली हेमलता.

हेमलता बावीस वर्षांची. तिचे वडील शिंपीकाम करायचे आणि घराणं तीन पिढ्यांपासून चामराजपेटेतलंच, त्यामुळे बोलण्यात मराठी आणि कन्नड हातात हात घालून चालायच्या. टायपिंग शिकलेली, बोटं अशी चालायची की मला दम लागावा! मतदारयादीतली नावं, घरनंबर, वय, फोन, सगळं ती माझ्यात भरायची. फोन मात्र यादीत नव्हते. ते मिळवायला तिने मंडळाची चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची वही आणली. गल्लोगल्लीच्या सवाष्णींचे पत्ते आणि ज्यांच्याकडे फोन होता त्यांचे नंबर, अगदी सुबक अक्षरात लिहिलेले.

शेवटचा रकाना होता शेऱ्याचा. साठ अक्षरं मावायची त्यात, आणि तो रिकामाच होता.

“अण्णा, इथे काय भरू?” हेमलताने विचारलं.

“काहीही. कोण आजारी, कोण म्हातारं. आपण गाडी पाठवू मतदानाला. लोकांची सोय नको का बघायला?” उपेंद्र म्हणाला.

“सरी, बरं अण्णा,” हेमलता म्हणाली. मग काय विचारता! चैत्रभर ती हळदीकुंकवाला घरोघर गेली. कैरीची डाळ खाता खाता, पन्हं पिता पिता बायका बोलायच्या आणि ही ऐकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं माझ्या पोटात. लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरला, जूनपर्यंत येणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन, उजेड सोसत नाही. नवरा दुबईत, घरात एकटीच. ते शेवटचं टाइप होताना मला कसंतरीच झालं, मित्रांनो. नटबोल्ट कधी घरात एकटे नसतात.

उपेंद्रने मात्र तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. “हेमलता, सगळ्या वॉर्डांत तुझ्याइतकी बारीक माहिती कुणी भरली नाही बघ!” ती खूश झाली. मीही झालो, लाज वाटते सांगायला. एक हजार एकशे चाळीस नावं होती आणि त्यातलं हवं ते मी चाळीस सेकंदांत शोधून द्यायचो.

हेमलताच्या शेजारी विठाबाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना विठाअज्जी म्हणायची. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. मत द्यायला मिळालं तेव्हापासून त्यांनी एकही निवडणूक चुकवली नव्हती. मतदानाच्या दिवशी त्या लग्नाला निघाल्यासारख्या तयार व्हायच्या, ठेवणीतलं पातळ नेसून. त्या वर्षी न्हाणीघरात पडल्या आणि पायाला प्लास्टर बसलं. “या वेळी नाही गं जमायचं मला,” असं त्या हेमलताजवळ रडल्या. त्यांचं मत वाया जाऊ नये म्हणून हिने दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी त्यांचा शेरा टाइप केला. पाय मोडला, गाडी पाठवणे, नाहीतर येणार नाही.

मतदानाला चार दिवस उरले तेव्हा उपेंद्र स्वतः माझ्यासमोर बसला. हेमलताला त्याने कॉफी आणायला पाठवलं. त्याने मला एकच गोष्ट विचारली, जे लोक येणार नाहीत तेवढेच दाखव. मी दाखवले. एकशे सत्तावीस. छपाईयंत्र करकरत राहिलं, तीन प्रती निघाल्या, आणि सगळी यादी त्याने दोन फ्लॉपींवर उतरवून खिशात घातली. गाडीवाल्यांना यादी द्यायची तर गावाला गेलेल्यांची नावं कशाला हवी होती? हा प्रश्न मला पडला. पण मला तोंड कुठे आहे? हेमलता कॉफी घेऊन आली तोवर पडदा कोरा झाला होता.

मतदानाच्या दिवशी भर दुपारी दारात रिक्षा थांबली. हेमलताच्या खांद्यावर भार टाकून विठाअज्जी आत आल्या, ठेवणीतल्या पातळात, प्लास्टरचा पाय ओढत. घामाने कुंकू... नाही, कुंकू कुठलं, बुक्का ओघळला होता. हेमलताचा चेहरा पांढराफटक पडलेला.

“गाडी आलीच नाही, अण्णा,” ती म्हणाली. “अज्जी सकाळी सातपासून ओसरीवर बसून होत्या. शेवटी मीच रिक्षाने नेलं. तर तिथले साहेब म्हणतात, यांचं मत सकाळीच झालंय! बोट दाखवलं, शाई नाही. तरी झालंय म्हणतात. वेगळा कागद दिला आणि वेगळ्या पाकिटात ठेवला. ते पाकीट मोजणीत धरत नाहीत म्हणे.”

“एवढ्या मोठ्या कामात होते एखादी चूक,” उपेंद्र म्हणाला. “अज्जी, बसा. कॉफी मागवतो.”

“चूक?” हेमलता म्हणाली. “बाहेर आपल्या माणसाच्या हातात कागद होता, अण्णा. त्यावर मी लिहिलेलं वाक्य होतं. पाय मोडला. आणि पुढे बरोबरची खूण. सोलापूरला गेलेल्या वहिनींपुढेही खूण!”

उपेंद्र हसतच होता. “तूच म्हणतेस ना, तू लिहिलंस? मग कुणाकडे जाऊन सांगणार आहेस? आधी तुझंच नाव येईल.”

हेमलताने वळून माझ्या कळा दाबल्या. मग विठाअज्जी हळूहळू माझ्याजवळ आल्या. पडद्यावर त्यांचाच शेरा होता, हेमलताने काढलेला. माझ्यातले मराठी शेरे इंग्रजी अक्षरांत असायचे, ती त्यांना येत नव्हती. त्यांनी तो तिच्याकडून वाचून घेतला.

“मी हे हेमलताला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं. “याला नव्हतं सांगितलं.”

एवढंच बोलून त्या रिक्षात जाऊन बसल्या. मित्रांनो, कारखान्याने मला विकलं तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं.

उपेंद्र मतमोजणीच्या तयारीला गेल्यावर हेमलताने मला सगळी यादी पुसायला सांगितली. एक हजार एकशे चाळीस नोंदी पुसल्या, असं मी पडद्यावर लिहिलं. ते वाचून तिने डोळे पुसले आणि ती घरी गेली, पुन्हा आली नाही. विठाअज्जी तिच्याशी अजून बोलतात, असं मंडळातल्या बायका म्हणतात. पाय कसा आहे विचारलं की बरा आहे म्हणतात, बस्स. गल्लीतलं दुसरंही कुणी आता तिला काही सांगत नाही.

साहेब निवडून आले. थोड्याशा मतांनी. त्या आनंदात उपेंद्रने हार घालून मला मंडळाला भेट दिलं आणि तुमच्या आईबाबांनी टाळ्या वाजवल्या.

आता मनावर दगड ठेवून खरं सांगतो. मी पुसलं म्हणालो, पण माझ्यात पुसलेलं पुसलं जात नाही. नावापुढे फक्त फुली पडते. पुढे ‘पॅक’ अशी दुसरी आज्ञा दिली तरच ते खरं जातं, आणि हेमलताला ती कुणी शिकवलीच नव्हती. ती दिली नसेल, तर जाणत्या माणसाने दुसराच एक शब्द टाइप केला की सगळे परत उभे राहतात. सोलापूरच्या वहिनी, मोतीबिंदूवाल्या काकू, घरात एकट्या राहणाऱ्या बाई.

आणि आता पुन्हा निवडणूक जाहीर झाली आहे. गुरुवारी उपेंद्र आला होता. त्याच्या फ्लॉपींना म्हणे बुरशी लागली, म्हणून जुनी यादी माझ्यातून उतरवून हवी. आपले चिटणीस भीमाचार्य साधे, भोळे. “तुमचंच आहे की सगळं, रविवारी दुपारी या!” असं त्यांनी कौतुकाने सांगितलं, माझ्यावरची धूळ झटकली आणि मला चालू करून पाहिलं. मी लगेच चालू झालो. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बिघडलो असतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आमची निगा राखा. मला तुमची निगा नको. माणूस विश्वासाने जे बोलतो ते जपा, कुणाच्या रिकाम्या रकान्यात टाकू नका, इतकं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं. विठाअज्जींचा पाय बरा झाला आहे. या वेळीही त्या ठेवणीतलं पातळ नेसून निघतील, आणि माझ्या पोटात अजून लिहिलेलं आहे की त्या येणार नाहीत.

हेमलता इथून तिसऱ्या गल्लीत राहते, शिलाईच्या दुकानाच्या माडीवर. पळत जा. तिला म्हणावं, ‘पॅक’ हा एक शब्द टाइप करायचा राहिला. जा रे लवकर, आज रविवार आहे आणि फाटकाशी उपेंद्रची स्कूटर थांबली.