विरजण मागायला गेलेला डबा

मित्रांनो, मी स्टीलचा एक जुना डबा आहे. कडीचा, गोल, एका बाजूने जरासा चेपलेला. माझ्या झाकणावर 'सौ. तानाबाई बाबाराव थूल, नाचणगाव' असं नाव कोरलेलं आहे. पुलगावच्या भांड्यांच्या दुकानात ते नाव टाकताना सुई अशी गुदगुल्या करत फिरली, की आठवलं तरी अजून झाकण खुळखुळतं.

तानाबाईंचा एक नेम आहे. सकाळची बुद्धवंदना झाली, स्वयंपाक झाला, की पहिला वाटा दुसऱ्या कोणाला तरी जातो. समोरच्याने तो घेतल्याशिवाय त्या स्वतः चहाचा घोटही घेत नाहीत. वाटा पोचवण्याचं काम माझं. बहुतेक वेळा मी शेजारच्या सखूबाईंकडे जायचो आणि येताना माझ्या पोटात चारोळ्या असायच्या, नाही तर ओल्या तुरीच्या शेंगा, अगदीच काही नसलं तर चिमूटभर मीठ. आमच्याकडे डबा रिकामा परत आला, तर माणसं 'काय चुकलं आपलं' म्हणून विचारात पडतात.

बाबाराव यावरून थट्टा करायचे. "पयला घास शेजारनीले, दुसरा मांजरीले, मंग आमचा नंबर! मी मांजर झालो असतो तं बरं होतं."

"व्हा न मंग. घरातले उंदीर तरी धरसान," असं तानाबाई हळूच म्हणायच्या आणि डाळीला फोडणी द्यायच्या.

त्यांची मुलगी पौर्णिमा कापडधाग्यांचं शिक्षण घेत होती. तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती फिनलंड नावाच्या थंडगार देशात निघाली. तानाबाईंनी मला जवसाच्या चटणीने गच्च भरलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"पौर्णिमे, परक्या मुलखात नेम सोडू नको. पयला वाटा देत राह्यजो. मानसं आपोआप जुळतात."

"हाव आई. शब्द देला तुले," पौर्णिमा म्हणाली.

मित्रांनो, शब्द देणं सोपं होतं. वाटा देणं किती कठीण असतं, ते आम्हा दोघांना तिथे पोचल्यावर कळलं.

तिथली माणसं घरात शिरताना चपला-बूट दाराशीच काढतात, हे पाहून पौर्णिमेला आधी फार बरं वाटलं. "आपल्यासारखेच हायेत की हे!" ती मला म्हणाली. पण एका बाबतीत ती माणसं अगदी निराळी होती. समोरच्या दारात आर्वो नावाचे उंच, पांढऱ्या भुवयांचे आजोबा राहत. बाहेर पडण्याआधी ते दाराच्या भोकातून पाहत. जिन्यात कोणी दिसलं, की आतच थांबत. शेजाऱ्याला उगाच बोलावं लागू नये, म्हणून ही काळजी! तिथे याला सभ्यपणा म्हणतात. नाचणगावात असं कोणी वागलं असतं, तर लोकांनी तापाची गोळी घेऊन दार ठोठावलं असतं.

पहिल्या सकाळी पौर्णिमेने झुणका केला, मला भरलं आणि आर्वो आजोबांचं दार वाजवलं. दार चार बोटं उघडलं.

"मी काही मागवलं नव्हतं," आजोबा म्हणाले.

"मागवलेलं नाही. हे तुमच्यासाठी आहे."

"का?"

आता यावर काय सांगायचं? नाचणगावात 'का' असं कोणी विचारतच नाही. फार तर 'मिरची जास्त तं नाई न?' असं विचारतात. आजोबांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

मग पौर्णिमा मला बगलेत धरून वर्गात घेऊन जाऊ लागली. एका मुलीने विचारलं, यात शेंगदाणे आहेत का? दूध आहे का? गहू? मोहरी? सगळी चौकशी होईतो झुणका गार झाला. एका मुलाने मात्र आनंदाने खाल्लं. त्याने मला घासूनपुसून आरशासारखा लखलखीत केला आणि परत दिला. रिकामा! पौर्णिमेचा चेहराच पडला. "रागावला वाटते," ती पुटपुटली. तो बिचारा आपण किती स्वच्छ डबा दिला या समाधानात होता.

तिने खिडकीतल्या पाखरांना वाटा देऊन पाहिला, तर इमारतीच्या रखवालदाराने येऊन सांगितलं, की पाखरांना खायला घालायची इथे मनाई आहे, उंदीर होतात. म्हणजे बाबारावांचं मांजर इथे उपयोगी पडलं असतं.

हसू नका, मित्रांनो. घेणारा मिळेपर्यंत पौर्णिमा जेवत नसे. कधी दुपार होई, कधी दिवस तसाच कलून जाई. एकदा वर्गात ती चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा मी तिच्या शेजारी भरलेलाच होतो. त्या दिवशी तिने आईला फोन लावला.

"काऊन वं, तोंड असं सुकलं?" तानाबाईंनी फोनमध्ये पाहताच ओळखलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या घाबऱ्या झाल्या. "मोड बाई तो नेम. उपाशी नको राहू. माया नेमापायी तुया जीव जाईन."

"नाई मोडत. शब्द देला मी."

पलीकडून बाबाराव म्हणाले, "मायचीच पोरगी हाये. घ्या आता!"

तानाबाईंनी फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, "तू त्या म्हाताऱ्याले कधी काही मांगतलं का वं?"

"मांगू? मी कायले मांगू?"

"तेच तं! निस्तं देऊन राह्यली तू. जो कधी मागत नाई, त्याचं घ्याले मानूस भेते. मी सखूबाईकडं पयलांदा गेलती का काही द्याले? विरजण मांगाले गेलती. जाय, विरजण मांग. पण तिन्हीसांजेले नको मांगजो, विरजण देत नसते तवा."

"आई, अवं इथं सकाळपासून तिन्हीसांजच हाये!"

खरंच होतं ते. थंडीचे दिवस होते. सूर्य इमारतींच्या मागून जेमतेम डोकावे, तोही ढग नसले तर. पौर्णिमा खिडकीशी बसून राहिली. कधी धुकं, कधी बर्फ. शेवटी एका दुपारी समोरच्या भिंतीवर फिकट ऊन पडलं. तिने मला उचललं आणि एका पायात मोजा नसतानाच धावली.

मी पहिल्यांदाच रिकाम्या पोटी परक्या दारात उभा होतो. लाजेने माझी कडीसुद्धा वाजेना.

दार उघडलं. आजोबा नेहमीचं वाक्य बोलणार, एवढ्यात पौर्णिमा घाईने म्हणाली, "मला काही द्यायचं नाही! मागायचं आहे. चमचाभर दही, विरजणाला. लवकर द्या, ऊन जाईल!"

आजोबांनी तिच्या उघड्या पायाकडे पाहिलं. मग जिन्याच्या खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं. ऊन आणि दही यांचा संबंध त्यांना कळला नसावा, पण दार मात्र पूर्ण उघडलं.

त्यांच्याकडे व्हीली नावाचं दही निघालं. मागच्या दह्यातला चमचा पुढच्या दुधात टाकून ते घरीच लावायचे, अगदी आपल्यासारखं. "हे माझ्या आईच्या गावाहून आलेलं आहे," ते म्हणाले. "आजवर कोणी मागितलं नव्हतं." कोणी न विचारताच एवढं बोलले, आणि आपणच दचकले.

त्या विरजणाचं दही माझ्या पोटात लागलं. पण काय सांगू! चमचा उचलला, की लांब तार सुटायची. तानाबाईंनी फोनमध्ये पाहून कपाळाला हात लावला. "हे दही व्हय का डिंक?" तरी पौर्णिमेने त्याची कढी केली, वर कढीपत्त्याची फोडणी घातली आणि मला घेऊन समोर गेली.

आजोबांनी या वेळी 'का' विचारलं नाही. आपलंच दही पिवळं होऊन परत आलं होतं! त्यांनी दारातच एक घोट घेतला. नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी दुसरा घोट घेतला.

पौर्णिमा धावत घरी आली आणि तव्यावरची पोळी उभ्याउभ्याच खाऊ लागली.

आता आजोबांना नेमाचं सगळं माहीत आहे. पौर्णिमेच्या परीक्षेच्या दिवशी तिचा स्वयंपाक व्हायच्या आतच ते वाटी घेऊन दारात हजर होते. "लवकर वाढ. तुला उशीर होईल," म्हणाले. मला ते रिकामा कधीच धाडत नाहीत. काही सुचलं नाही, तर एक बटाटा घालतात.

मित्रांनो, आता तुमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर जरा पाहा. दुसऱ्याच घराचं नाव असलेला एखादा डबा तिथे नक्की असेल. त्यात तुम्ही खिळे किंवा सुतळी भरून ठेवली असेल. ती काढा, त्याला घासा आणि काहीतरी घालून त्याच्या घरी पोचवा. घालायला काही नसेल, तर तिथे जाऊन चमचाभर विरजण मागा. आणि त्यांनी 'बस न थोडं' म्हटलं, तर बसा.