ओळीतून काढलेला खिळा

मी एक जुना शिशाचा खिळा आहे, मित्रांनो. भिंतीत ठोकतात तो नव्हे. मी छापखान्यातला, करंगळीच्या पेराएवढा. आमच्या जपानी लिपीत एका अक्षरात अख्खा शब्द मावतो. माझ्या माथ्यावर उलटा कोरलेला शब्द आहे 'परतणे'.

उकळतं शिसं साच्यात ओतलं, चर्र झालं आणि मी जन्मलो. तिथून आलो तो पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्फाच्या गावात, कुवाबारा यांच्या छापखान्यात. सुरुवातीची वर्षं फार सुखाची होती. होड्या समुद्रावरून परतल्या की मी लागे. माहेरवाशीण परतली की मी लागे. निवा गुरुजींच्या 'हिमकोंब' मासिकातल्या कवितांत तर पाखरं, पाहुणे, चंद्र, सगळेच परतत असत. खिळे जुळवणारी तोमे मला उचलताना म्हणायची, "ह्याला काही उसंत नाही बाई!" ते कौतुक मी आजही विसरलेलो नाही.

मग लढाई आली आणि माझी मागणी आटली. लढाईवर निघालेल्या मुलाला 'परत ये' म्हणणं हा गुन्हा झाला. स्टेशनवर आया निशाणं हलवत आणि रडू गिळत. आता मी एकाच ठिकाणी लागे, दर आठवड्याच्या यादीत. 'अमक्याच्या अस्थी परतल्या.' पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी यायची आणि तिच्या बातमीत मी.

१९४४च्या उन्हाळ्यात तोमेच्या एकुलत्या एका मुलाला, तेइजीला, लष्कराचं बोलावणं आलं. नवरा समुद्रात गेल्यापासून तोमेने ह्या पोराला खिळे जुळवून वाढवलं होतं. त्याच दिवशी ती युद्धदेव हाचिमानच्या देवळात गेली आणि तिने नेम धरला : पोर घरी येईपर्यंत चहा तोंडाला लावायचा नाही. ऐकायला लहानसा नेम आहे, मित्रांनो. पण आमच्याकडे माणूस पाण्याऐवजी चहाच पितो. कोळीण ओयोशी मासे द्यायला आली की डिवचायची.

"काय गं तोमे, परत गरम पाणीच? देव काय तुझ्या चहाच्या पत्तीवर टपून बसलाय?"

"बसला असला तर बसू दे. मी माझं दिलं. आता त्याने त्याचं द्यावं."

निघण्यापूर्वी तेइजी छापखान्यात आला. निवा गुरुजी तिथेच मुद्रितं तपासत बसले होते. शाळेत त्यांनीच त्याला लिहायला शिकवलं होतं. त्याने दोन्ही हातांनी कागद पुढे केला.

वळचणीला मुळे
वाळू लागतील
तेव्हा मी परतेन.

आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावर लोणच्याचे पांढरे मुळे वळचणीला टांगून वाळवतात. गुरुजींनी वाचलं आणि ते हसले. "गधड्या, पंधरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बरं लिहिलंस."

तोमेने ती ओळ स्वतः जुळवली. किती दिवसांनी मी जिवंत माणसासाठी लागलो होतो! तिची बोटं माझ्यावर क्षणभर रेंगाळली. मालक ओरडले, "तोमेबाई, खिळे जुळवताय की तांदूळ निवडताय?"

पण अंक निघायचा होता कागदावर, आणि कागद होता सरकारी साहित्य मंडळाच्या हातात. जिल्ह्यातली तीन मासिकं मोडून एकच ठेवायचं, असा हुकूम होता. कुठलं ठेवायचं ते ह्या अंकावरून ठरणार होतं. मंडळाचा माणूस आला, त्याने मुद्रितं चाळली आणि तेइजीच्या कवितेवर नख टेकवलं.

"गुरुजी, हा तुमचा विद्यार्थी लढायला चाललाय की सहलीला?"

एवढंच बोलून तो चहा पीत बसला. त्याने काही बंद केलं नाही, काही खोडलं नाही. त्याची गरजच नव्हती.

आमच्याकडे शिष्याच्या कवितेवर गुरू लाल शाईचा कुंचला फिरवतो. तो शिष्याचा मान असतो. शिष्याने वाकून आभार मानायचे आणि सुधारलेली कविता जन्मभर आपली म्हणून मिरवायची. 'ही माझी नाही' असं म्हणणं म्हणजे गुरूला चारचौघांत खोटं पाडणं. तेइजीची गाडी सकाळीच सुटली होती. निवा गुरुजींनी कुंचला उचलला आणि माझ्यावर लाल रेघ मारून शेजारी दुसरं अक्षर लिहिलं. 'तेव्हा मी परतेन'चं झालं 'तेव्हा मी नसेन.'

तोमे मुद्रित हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"गुरुजी, हे..."

"परतेन तर कुणीही म्हणेल, तोमेबाई. 'नसेन'मध्ये काव्य आहे." ते तिच्याकडे बघत नव्हते. "आणि मासिक जगलं तर त्याची कविताही जगेल. विचार करा."

वाईट ह्याचं वाटतं, मित्रांनो, की कविता खरंच सुधारली होती. मलासुद्धा ते कळलं. तोमेने चिमट्याने मला ओळीतून उपसलं, 'नसणे' हा खिळा त्या जागी बसवला, आणि रिवाज होता म्हणून मुलाच्या वतीने वाकली. "सुधारणेबद्दल ऋणी आहोत."

'हिमकोंब' वाचलं, बाकीची दोन मासिकं मेली. मंडळाने निवा गुरुजींना रेशमी फीत दिली. वर्तमानपत्रांनी ती कविता चौकटीत छापली, रेडिओवर एका जाड आवाजाच्या माणसाने ती वाचली. अनोळखी बायका छापखान्याच्या दाराशी येऊन तोमेला म्हणायच्या, "धन्य तुमची कूस!" तोमे मान लववायची आणि गरम पाणी प्यायची.

पहिलं बर्फ पडायच्या सुमाराला तेइजीच्या पलटणीतला एक जण आला. त्याची एक बाही रिकामी होती. तोमे खणाखणांच्या लाकडी केसमधून खिळे उचलत होती. तो उभ्याउभ्याच बोलला.

"बेटावरून माघार घ्यायची होती. होड्या कमी. शत्रूची वाट अडवायला वीस जणांनी मागे थांबायचं होतं. कॅप्टनच्या खिशात ते कात्रण होतं. त्यांनी विचारलं, मुळ्यांचा कवी कुठाय?"

"मग?"

"तेइजी म्हणाला, हजर."

"त्याने सांगितलं नाही? शब्द आपला नाही म्हणून?"

"मला सांगितलं, मावशी. आदल्याच दिवशी. मी म्हटलं, अरे मग कॅप्टनला सांग की! तर म्हणाला, गुरुजींनी सुधारलंय. त्यांना खोटं कसं पाडू?" त्याने खाली पाहिलं. "बाकीच्या एकोणीस जणांच्या चिठ्ठ्या टाकल्या. त्याची टाकली नाही."

तोमेच्या हातातली खिळ्यांची पेटी कलंडली नाही. ती म्हणाली, "बसा. थंडीतून आलात." आणि त्याच्यासाठी चहा केला.

पांढरी पेटी आली ती हलकी होती. आत अस्थी नव्हत्या, नाव लिहिलेला कागद होता. तरीही यादी छापायची म्हणून तोमेने मला उचललं आणि 'परतल्या'च्या जागी लावलं.

गुरुजी दुसऱ्या दिवशी आले. खूप खाली वाकले. "तेइजी अमर झाला," म्हणाले. "पुढचा अंक त्याच्या नावाने काढतोय. आईच्या दोन ओळी हव्यात, तोमेबाई."

तोमे आयुष्यभर दुसऱ्यांचं जुळवत आली होती. तिने प्रथमच स्वतःचं लिहिलं होतं. मुलगा दूर असला की घरी त्याच्या नावाचं ताट मांडायची आमच्याकडे रीत आहे. तिने लिहिलं होतं :

पोराचं ताट
रोज मांडते,
रोज गार होतं.

"वाचा, गुरुजी. आणि जमलं तर जसंच्या तसं छापा."

गुरुजींनी वाचलं. त्यांचे डोळे भरून आले, हे मी शपथेवर सांगतो. पुन्हा वाचलं. एक थेंब कागदावर पडला. आणि हात सवयीने कुंचल्याकडे गेला. 'गार'वर लाल रेघ मारून त्यांनी शेजारी लिहिलं, 'पावन'.

रोज पावन होतं.

"आता कसं," ते डोळे पुसत म्हणाले.

 तोमे वाकली, कागद घेतला आणि 'पावन' शोधू लागली.

मित्रांनो, माझ्यासारखे हजारो खिळे पुढे वितळवून टाकले, मी केसच्या फटीत अडकून राहिलो. माझ्यावर धूळ बसली तर पुसू नका, माझं काही अडत नाही. पण कुणी आपल्या जिवाचं लिहून तुमच्या हाती दिलं, तर लाल शाई बाजूला ठेवा आणि ते आहे तसं, शेवटपर्यंत वाचा. तुम्ही बदललेला शब्द तुम्हाला जगावा लागत नाही. ज्याचं नाव खाली असतं, त्याला लागतो.